पहिल्या झटक्याचा मान

सोनमाळच्या उपकेंद्रात पारूबाईनं एकतीस वर्षं काढली. कागदोपत्री ती अर्धवेळ परिचर, म्हणजे झाडझूड करायची, पाणी भरायचं आणि संध्याकाळी कुलूप लावायचं. पण नर्सबाई यायची लोह्याहून, आणि लोहा ते सोनमाळ हे अठरा किलोमीटरचं अंतर तिला सोमवारी फार लांब वाटायचं आणि गुरुवारी त्याहून लांब. त्यामुळे गावातली निम्मी पोरं पारूबाईच्या हातावर जन्मली, आणि उरलेल्या निम्म्यांची नाकं दाबून तिनं त्यांना डोस पाजले. तिची जीभ लई तिखट. ताप आला म्हणून कोणी दारात उभं राहिलं, की आधी दोन शिव्या ऐकायच्या आणि मग गोळी घ्यायची. ती निवृत्त झाली तेव्हा गावानं तिला शाल दिली, नारळ दिला, भाषणं केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नेहमीप्रमाणे तिच्या दारात येऊन बसलं.

तिचा नवरा व्यंकटी गवंडी होता. ते राहायचे त्या भीमनगरात एकही भिंत सरळ नाही अशी पारूबाईची कायमची तक्रार असायची, आणि त्या सगळ्या भिंती व्यंकटीच्या हातच्या होत्या. सात वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर, बाजारच्या दिवशी, फाट्यावर जीपची वाट बघत उभा असलेला व्यंकटी बोलता बोलता खाली बसला आणि आडवा झाला. पारूबाई उपकेंद्रातून अनवाणी धावत गेली. भोवती पन्नास माणसं होती आणि पन्नास सल्ले. कोणी चप्पल हुंगवत होतं, कोणी कांदा फोडून आणला. पारूबाईनं तो कांदा नवऱ्याच्या नाकाला लावला आणि त्याचे तळवे घासत बसली. अँब्युलन्स चाळीस मिनिटांनी आली. तोवर घासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढं चारेक वर्षांनी नांदेडला कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण झालं. तिथं एका डॉक्टरांनी टेबलावर रबराचा बाहुला झोपवला आणि सांगितलं, हृदय अचानक बंद पडलं तर पहिली पाच-सात मिनिटं आपल्या हातात असतात. छाती जोरात दाबत राहायची आणि हे यंत्र आणायचं. यंत्राच्या दोन पट्ट्या छातीवर चिकटवल्या की ते स्वतःच हृदय तपासतं, गरज असेल तर बटण दाबायला सांगतं, आणि विजेचा एक झटका बसून हृदय पुन्हा ठिकाणावर येऊ शकतं. बाकीच्या बाया वहीत लिहून घेत होत्या. पारूबाई उठून बाहेर गेली आणि नळ सोडून, आवाज ऐकू जाऊ नये अशा बेतानं रडली. आपण दवाखान्यातल्या बाईनं नवऱ्याची छाती दाबायची सोडून त्याला कांदा हुंगवला, हे तिनं फक्त लेकीला सांगितलं. लेक लुंबिनी लातूरला एका खाजगी दवाखान्यात नर्स. ती म्हणाली, "आई, तुला कोणी शिकवलंच नव्हतं." पारूबाईचं त्यानं समाधान झालं नाही. सोनमाळात ते यंत्र आणायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं आणि निवृत्त होताच मागे लागली.

यंत्र सव्वा लाखाचं. पारूबाईनं स्वतःजवळचे वीस हजार काढून ठेवले, पदर खोचला आणि दारोदार निघाली. यंत्राचं इंग्रजी नाव कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून तिनं सोपं करून 'झटका मशीन' सांगायला सुरुवात केली, आणि तिथंच पहिली ठेच लागली. आमच्याकडं झटका मशीन म्हणजे वावराच्या तारेत करंट सोडून रानडुकरं हाकलायचं यंत्र.

"माझ्या वावरात हाय की," सटवाजी म्हणाला. हा एकोणसत्तर वर्षांचा शेतकरी, देवणी बैलांचा शौकीन आणि गावातला नंबर एकचा हट्टी. "चार हजारात आली. डुकराला येगळी अन् माणसाला येगळी कशाला पाहिजे?"

"ती डुकराला पळवती, ही माणसाला परत आणती," पारूबाई म्हणाली. "तुमाला कोणती लावायची ते तुमीच ठरवा."

दुसरी अडचण नावाची. सोनमाळच्या मारोतीच्या देवळात चार पंखे आहेत आणि बारा पाती. प्रत्येक पात्यावर देणगीदाराचं नाव रंगवलेलं आहे. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून पंखे लावू नयेत असा देणगीदारांचा आग्रह असतो, आणि भजनी मंडळ भर मे महिन्यात बारा नावांखाली घाम पुसत बसतं. अशा गावात देणगी मागायची तर पहिला प्रश्न ठरलेला, "आमचं नाव कुठं येणार?" यंत्र जेवणाच्या डब्याएवढं आहे म्हटल्यावर लोकांचे चेहरे उतरायचे. एकानं तर यंत्र थोडं मोठं मिळत असेल तर बघा, जास्त पैसे देतो, असंही सुचवलं.

पाच महिन्यांत निम्मेच पैसे जमले. तेव्हा शिवशंकरनं तोडगा काढला. गावाची सरपंच उमादेवी; पण बोलायचं काम तिचा नवरा शिवशंकर करायचा, ती सही करायची. सभेत खुर्चीवर बसायचंही तोच करायचा. तो म्हणाला, "पारूमावशी, मानाची बोली लावू. पहिल्या झटक्याचा मान. बघा, एका दिवसात पैसे उभे करतो."

ही बोली म्हणजे सोनमाळचं खास दुखणं. गावात कुठलीही गोष्ट पहिल्यांदा व्हायची, तर तिचा मान लिलावात जातो. जत्रेतला पहिला नारळ तर झालाच. पण नव्या बोअरचा पहिला हंडा, नव्या एसटीचं पहिलं तिकीट, विजेच्या नव्या डीपीचा पहिला खटका, सगळ्यावर बोली लागलेली आहे. स्मशानात पत्र्याचं शेड झालं तेव्हा त्याचीही लागली. मारोती पाटील नावाच्या गृहस्थानं नेहमीच्या जोशात अकरा हजारांना पहिला मान घेतला, फेटा बांधून घेतला, आणि घरी गेल्यावर आपण काय घेतलं ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानंतर तो सहा वर्षं जगला. सहा पावसाळे गावानं शेडच्या शेजारी, भर पावसात, ताडपत्र्या धरून सरणं पेटवली; पण मान मोडला नाही.

पारूबाईला हे सगळं ठाऊक होतं. तिनं तेव्हाच पायातली काढून शिवशंकरच्या पाठीत घालायला हवी होती. पण पाच महिने दारोदार फिरून तिचे पाय थकले होते, आणि गावातल्या कोणाचं हृदय कधी थांबेल याची तिला धास्ती होती. एकदा यंत्र गावात येऊ दे, मग बघू, असं म्हणून ती गप्प बसली. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच गप्प बसली, आणि तेही नेमकं नको तिथं.

बोली देवळासमोर लागली. भीमनगरातून कोणी कधी बोली लावत नसे. तशी बंदी नव्हती, प्रथा नव्हती. पारूबाई लिंबाखाली उभी राहून बघत होती.

"पाच हजार!" सटवाजीनं सुरुवात केली. चार हजारांच्या यंत्राची गोष्ट तो विसरला होता, कारण समोर रामलिंग येऊन बसला होता.

रामलिंगचं आणि सटवाजीचं वावर शेजारी शेजारी. मधल्या बांधावर एक बाभूळ होती. ती कोणाची, यावर बावीस वर्षं कोर्टात तारखा पडत होत्या. मधल्या काळात बाभूळ वाळून गेली, पण खटला हिरवागार होता. रामलिंग बहात्तर वर्षांचा, सकाळी लसणाची चटणी आणि दोन भाकरी, रात्री तेच आणि वर तांब्याभर दूध. दवाखान्याची पायरी तो एकदाच चढला होता, उद्घाटनाला.

"दहा!" रामलिंग म्हणाला.

"पंधरा!"

"पंचवीस!"

पंचेचाळीसवर सटवाजीच्या पोरांनी त्याला दोन्ही दंडांना धरून खाली बसवला. रामलिंगनं पंचावन्न हजारांना मान घेतला. फेटा बांधला, गुलाल उडाला, हलगी वाजली. गर्दी थोडी शांत झाल्यावर पारूबाई पुढं आली.

"काका, एक सांगू का? ह्या मशिनीचा झटका हृदय बंद पडल्याबिगर बसत न्हाई."

रामलिंगनं फेटा सारखा केला. "मंग पडू दे की बंद," तो उदारपणे म्हणाला. "मला काय घाई न्हाई."

शिवशंकरनं लगोलग ग्रामसभेचा ठराव लिहिला, की रामलिंग यांना पहिला झटका बसेपर्यंत सदर यंत्र अन्य कोणाही इसमास लावता येणार नाही. उमादेवीनं सही केली. सही करताना तिनं एकदा पारूबाईकडं पाहिलं.

एक मेला झेंडावंदनानंतर यंत्राचं लोकार्पण झालं. लुंबिनी लातूरहून स्वतः यंत्र घेऊन आली. मंडपात चौरंगावर यंत्र ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. नारळ फोडताना पाणी यंत्रावर उडालं, तेव्हा पारूबाईनं ते उचलून तान्ह्या लेकरासारखं पदरानं पुसलं. आता हे पंचायतीच्या भिंतीला टांगायचं, एवढंच काम उरलंय, असं तिला वाटत होतं. पण शिवशंकरच्या डोक्यात स्मशानाचं शेड होतं. सहा वर्षं कोण थांबणार? तो म्हणाला, "काका एवढे धडधाकट हायेत. आजच झटका देऊन मान उरकून घेऊ, म्हंजे यंत्र सगळ्यांना मोकळं."

"आरं ते बसणारच न्हाई!" पारूबाई ओरडली. "अन् पट्ट्या एकदाच वापरायच्या असतात, एकदा चिकटवल्या की वाया जात्यात!"

पण तोवर बँजोवाल्यांनी सुरू केलं होतं. रामलिंग सदरा काढून बाजेवर आडवा झाला, फेटा तेवढा डोक्यावर ठेवला. त्याच्या छातीवरच्या केसांत पट्ट्या चिकटेनात. यंत्राच्या पिशवीत त्यासाठी वस्तरा दिलेला असतो. पण एवढ्या मोठ्या मानाला पिशवीतला वस्तरा बरा दिसणार नाही म्हणून न्हाव्याला बोलावलं. त्यानं साबण लावून दोन चौकोन काढले. गावानं टाळ्या वाजवल्या. लुंबिनीनं आईकडं बघून कपाळाला हात लावला.

पट्ट्या चिकटल्या. यंत्र सुरू झालं आणि बाईच्या आवाजात हिंदीत बोलायला लागलं. बँजो थांबला. रामलिंगनं डोळे मिटून "जय हनुमान" म्हटलं.

"मरीज़ को न छुएँ," यंत्र म्हणालं. "जाँच हो रही है."

सगळा मंडप पुढं वाकला.

"झटके की ज़रूरत नहीं है."

रामलिंगनं एक डोळा उघडला. "काय म्हणली ती?"

"न्हाई म्हणली," शिवशंकर हळूच म्हणाला.

"न्हाई? पंचावन्न हजार माझे, अन् मलाच न्हाई म्हणून राहिली? पुन्हा इचार!"

यंत्रानं पुन्हा तपासलं आणि पुन्हा तेच सांगितलं. मागच्या रांगेतून सटवाजी एवढ्या मोठ्यानं हसला, की त्याला ठसका लागला. "मशिनीला बी माणूस कळतंय!" रामलिंग बाजेवरून उठला, छातीवर दोन पट्ट्या आणि लोंबणारी वायर घेऊन त्याच्या अंगावर धावला, आणि यंत्र मागून ओरडत राहिलं, "पैड जाँचें, पैड जाँचें."

त्या दिवशीचा निकाल असा लागला. पट्ट्यांच्या दोन जोड्यांपैकी एक गेली. ठराव कायम राहिला. यंत्र पंचायतीच्या लोखंडी कपाटात गेलं आणि अपमान झालेल्या रामलिंगनं कपाटाची किल्ली स्वतःच्या करदोड्याला बांधली. मान होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. पारूबाईनं एकच शहाणपणा केला. उरलेली पट्ट्यांची जोडी गुपचूप स्वतःच्या पिशवीत टाकली आणि ती पिशवी कायम खांद्याला ठेवली. नाहीतर हे बाबे संक्रांतीला पुन्हा हौस करतील, याची तिला खात्री होती. मग ती घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. स्वतःवर ती इतकी चिडली होती, की दोन दिवस तिनं कोणाला शिवीसुद्धा दिली नाही. गाव घाबरलं.

तिसऱ्या दिवशी तिनं उपाय काढला. यंत्र कुलपात असलं तरी हात तर कुलपात नाहीत. समाजमंदिरात तिनं सोयाबीनचं पोतं मांडलं आणि बायांना छाती दाबायला शिकवायला लागली. "हात सरळ. कोपरात वाकायचं न्हाई. सासूचा इचार करा अन् दाबा." भीमनगरातल्या बाया आल्या, मग गावातल्या यायला लागल्या. एके दिवशी सरपंच उमादेवी येऊन मागं बसली. तिनं पोतं असं दाबलं, की शिवण उसवली.

आणि रामलिंगची अवस्था मोठी विचित्र झाली. सगळं गाव त्याच्या हृदयावर डोळा ठेवून होतं. पारावर बसला की लोक मायेनं विचारायचे, "काका, छातीत कसं काय? काही कळ-बिळ?" त्यानं "न्हाई" म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा किंचित उतरायचा. सटवाजीनं त्याच्या घरी दोन किलो डालडा भेट पाठवला. सुरुवातीला रामलिंगला बरं वाटलं. एवढी काळजी त्याची बायको असतानाही कोणी केली नव्हती. मग हळूहळू त्याची झोप उडाली. पारूबाई रोज सकाळी त्याच्या ओट्यापाशी जायची आणि म्हणायची, "काका, किल्ली द्या. मान तुमचा ऱ्हाऊ द्या, मशीन भायेर टांगू द्या." तो नकारार्थी मान हलवायचा. "हसलाय तो सटवाजी. समद्या गावात हसलाय."

मग पोळा आला. यंदा वेशीतून आधी जायच्या मानाच्या बैलजोडीची बोली दोघांनी सारखीच लावली होती आणि दोघंही मागं हटेनात. कोणाचं मन दुखायला नको म्हणून शिवशंकरनं निकाल दिला, की दोघांच्याही जोड्या वेशीतून एकदम जातील. वेस आठ फुटांची. बैल चार. दुपारी चारच्या उन्हात झुली घातलेले चार बैल वेशीत असे अडकले, की त्यांना पुढंही जाता येईना आणि मागंही. शिंगांचे गोंडे एकमेकांत गुंतले. बैल शांत होते. मालक शांत नव्हते.

"तुझा मागं घे!" रामलिंग ओरडला.

"माझा देवणीचा हाय, तो मागं येत नसतो!" सटवाजी लालबुंद झाला होता. "शिंग बघ, शिंग! माझा बैल चार बोटं पुढं..."

वाक्य तिथंच राहिलं. कासरा त्याच्या हातातून सुटला आणि तो वेशीच्या धुळीत उताणा पडला.

पारूबाई गर्दीतून कशी आली ते तिलाच आठवत नाही. हाक मारली, हलवलं. ओ नाही. छाती हलत नव्हती. कोणीतरी फोडलेला कांदा पुढं केला, तिनं तो इतक्या जोरानं झटकला की तो बैलाला लागला. "अँब्युलन्सला लावा फोन!" तिनं गुडघे टेकले, हात सरळ केले आणि दाबायला सुरुवात केली. फाट्यावरचा तो दिवस तिच्या डोळ्यांसमोर उभा होता आणि ती दातओठ खाऊन मोजत होती.

"काका! किल्ली! मशीन आणा!"

रामलिंगचा हात कमरेला गेला आणि तिथंच थांबला. सगळं गाव त्याच्याकडं बघायला लागलं.

"पण पहिला मान काकांचा हाय," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"ठराव हाय तसा," शिवशंकर म्हणाला. "काकांना बसल्याबिगर..."

"मग काकांना बी शेजारी झोपवा," तिसऱ्यानं सुचवलं. "आधी त्यांना लावून घेऊ, मग ह्यांना."

रामलिंगची मूठ किल्लीवर आवळली होती. त्याला कळत होतं, सगळं कळत होतं. पण बावीस वर्षं नुसत्या कळण्यानं जात नाहीत. "दुसरं कोणी बी असतं तर सोडला असता मान," तो रडवेला होऊन म्हणाला. "ह्याला कसा देऊ? हा मेला तरी हसंल मला."

पारूबाईला त्याच्या मुस्काटात द्यायची होती, पण दोन्ही हात सटवाजीच्या छातीवर होते. दाबता दाबताच ती ओरडली, "काका! जत्रंत मानाचा नारळ कोण फोडतं?"

"मी!"

"अन् फुटतं कोण?"

"फुटतो... नारळ फुटतो."

"मंग मानकरी फोडणारा का नारळ?"

रामलिंगनं करदोड्याची गाठ चाचपली.

"मान झटका खायाचा नसतो, द्यायाचा असतो! बटण तुमी दाबायचं! मानकरी तुमी हाव, हा सटवाजी नुसता नारळ हाय! पळा!"

गावाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चार महिने सगळं गाव नारळाच्या जागी मानकऱ्याला धरून बसलं होतं! "खरंय की!" शिवशंकर म्हणाला. रामलिंगच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं, की बहात्तर वर्षांचा तो माणूस धोतराचा सोगा धरून पंचायतीकडं सुसाट सुटला. पारूबाईचे दंड भरून आले होते. तेवढ्यात उमादेवी पदर कमरेला खोचून समोर बसली, "सरका मावशी," म्हणाली आणि दाबायला लागली. सरपंचबाई चारचौघांत काही करताना गावाला पहिल्यांदाच दिसली. शिवशंकर तोंड उघडं टाकून बघत राहिला.

यंत्र आलं. पारूबाईनं पिशवीतून पट्ट्या काढल्या, पाकीट दातानं फाडलं, सटवाजीचा नवा सदरा टराटरा फाडला आणि पट्ट्या चिकटवल्या.

"मरीज़ को न छुएँ. जाँच हो रही है."

सगळं गाव मागं सरलं. बैलसुद्धा हलेनात.

"झटके की ज़रूरत है. दूर हटें. बटन दबाएँ."

बटण लुकलुकायला लागलं. रामलिंगनं पायताणं काढून बाजूला ठेवली.

"उजव्या हातानं का डाव्या?"

"कशानं बी दाबा, पण दाबा!"

त्यानं मारोतीचं नाव घेतलं आणि दाबलं. सटवाजीचं अंग उसळलं आणि खाली आलं. रामलिंग किंचाळून मागं पडला, "मारला म्या त्याला!" पण पारूबाई पुन्हा छातीवर वाकली होती. ती दाबत राहिली, मग उमादेवी, मग पुन्हा ती. किती वेळ गेला ते कोणाला सांगता आलं नाही. मग सटवाजीच्या घशातून घरघर आली. त्यानं एकदा श्वास ओढला. मग दुसरा. पारूबाईनं हात उचलले. आणखी थोड्या वेळानं त्याचे डोळे उघडले. ते भिरभिरले, रामलिंगवर येऊन थांबले, आणि सटवाजी पुटपुटला,

"...पुढं हाय."

"काय म्हणतोय?" कोणीतरी विचारलं.

"बैल पुढं हाय म्हणतोय," रामलिंग म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "हाव रं बाबा. तुझाच पुढं. चार बोटं पुढं."

हलगी कोणी वाजवायला सुरुवात केली देव जाणे. गुलाल उडाला. लोकांनी रामलिंगला खांद्यावर घेतलं. अँब्युलन्स पस्तीस मिनिटांनी आली, तेव्हा गाव सटवाजीभोवती जत्रा भरवून बसलं होतं. गाडीतल्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि छाती कोणी दाबली ते विचारलं. सटवाजी नांदेडला निघाला तो पोरांना बैलांच्या वैरणीच्या सूचना देतच.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि पारूबाई वेशीच्या दगडाला टेकून खाली बसली. तिला हुंदका आला. आधी एक, मग आवरेचना. बाया म्हणाल्या, आनंदाचं रडू आहे, रडू द्या. ते आनंदाचं होतंच; पण नुसतं आनंदाचं नव्हतं. आजपर्यंत तिला वाटायचं, यंत्र आलं, एक जीव वाचला, की छातीतली सल जाईल. आणि आता तिच्या डोळ्यांसमोर गेलेला माणूस परत आला होता, आणि सल दुप्पट झाली होती.

रामलिंग गर्दीतून सुटून तिच्याजवळ आला. इकडंतिकडं बघून तो तिच्या शेजारी सरळ धुळीत बसला. मान आपल्याला मिळाला नाही म्हणून ही रडते आहे, असं त्याला वाटलं.

"रडू नको, पारू," तो म्हणाला. "पुढचा झटका तुझा. बोली न्हाई, पैसे न्हाई. मी उभा ऱ्हाऊन सांगतो गावाला."

पारूबाईला रडता रडता हसू फुटलं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"काका," ती म्हणाली, "माझा व्यंकटी बी वाचला असता हो."

सात वर्षं, कांद्याचं तेवढं वगळून, ती हे कोणाला ना कोणाला म्हणत आली होती, आणि प्रत्येकानं तिला एकच उत्तर दिलं होतं. त्याची वेळच भरली होती, पारूबाई. तू काय करणार होतीस? माणसं ते मायेनं म्हणायची, आणि ती ते ऐकून घ्यायची. रामलिंगनंही त्या दिवशी फाट्यावर, पन्नास माणसांत उभं राहून, तेच म्हटलं होतं.

आज तो ते म्हणाला नाही. स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिला. या माणसानं जन्मात कोणाचं काही कबूल केलं नव्हतं.

"हाव," तो म्हणाला. "वाचला असता."

पारूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग तिथंच, वेशीत, सगळ्या गावादेखत तिनं कपाळावर हात मारून व्यंकटीच्या नावानं मोठ्यानं हंबरडा फोडला, आणि रामलिंग तिच्या शेजारून उठला नाही.